डॉक्टर नारकरांचं सामान

स्मशानात डॉक्टर दिसला की लोकांना कसंसंच होतं. माणूस जिवंत असेपर्यंत डॉक्टरनं यावं, नंतर त्याचं काय काम? पण खाडीकडच्या रस्त्यावर आमचं भाईंदरचं जे स्मशान आहे, तिथे डॉ. नारकर हमखास दिसायचे. अंत्ययात्रेला नाही, सावडायला. जिथे घरचीसुद्धा निम्मीच माणसं येतात, तिथे हा माणूस इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घालून, हातात घडी घातलेला रुमाल घेऊन नळाजवळ उभा असायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, आमच्या बिल्डिंगमधल्या कदमकाकांच्या वेळी. काकांचा खुबा मोडला होता, तेव्हा ऑपरेशन नारकरांनीच केलं होतं. काका गेले ते पुढे छातीच्या दुखण्यानं. तिथे काम करणारा रामसजन लांब दांड्याच्या फावड्यानं राख सारत होता. पाणी शिंपडून झालं, मुलानं अस्थी मडक्यात घेतल्या, आणि मग रामसजननं राखेतून एक काळीनिळी पट्टी बाहेर ओढली. वीतभर लांबीची, आणि तिच्या एका टोकातून जाड स्क्रू तिरका बाहेर आलेला. त्यानं ती मुलाला दाखवलीसुद्धा नाही. सरळ नळाकडे वळून म्हणाला, "डॉक्टरसाब, आपका सामान."

डॉक्टर पुढे आले. मुलाला हात जोडून हळू आवाजात म्हणाले, "ही मी बसवली होती. परत न्यायची परवानगी द्याल का?" मुलानं मान हलवली. डॉक्टरांनी पट्टी नळाखाली धुतली, उन्हात धरून उलटीपालटी करून बघितली, स्क्रूच्या मुळाशी अंगठा फिरवला, रुमालात गुंडाळली आणि चालू पडले. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मी मनात म्हटलं, माणूस आहे की गिधाड.

आणि नशीब बघा, पुढे त्याच गिधाडाच्या हॉस्पिटलात मी नोकरीला लागले. मी परब. मूळचे आम्ही रत्नागिरीचे, मुंबईत जागा पुरेना म्हणून इकडे आलेले. व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट. मोडलेलं हाड जोडायचं काम सर्जनचं, आणि जोडलेल्या हाडावर माणूस उभा करायचं काम माझं. त्यामुळे नारकरांचं माझ्यावाचून चालायचं नाही आणि माझं त्यांच्यावाचून. तोंडानं मी फटकळ, ते मितभाषी. बरं जमलं आमचं.

नारकर माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, पायांकडे बघायचे. केबिनचं दार बंद असलं तरी बाहेर कोण आलंय ते पावलांवरून सांगायचे. लग्नाला गेले की नवरा-नवरी सोडून पंगतीतले म्हातारे कसे उठतात-बसतात ते न्याहाळत बसायचे. एकदा बाजारात अनोळखी गृहस्थांना थांबवून म्हणाले, तुमचा डावा खुबा दाखवून घ्या. ते गृहस्थ मराठी समजत नसल्यासारखे बघत राहिले, म्हणून पुन्हा हिंदीतून सांगितलं. माणूस वाईट नव्हता हो. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये चार-चार मजले चढून म्हाताऱ्यांचं बँडेज बघायला जायचे. पण ते गेल्यावरही त्यांचं ते बघणं अंगाला चिकटून राहायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते पेशंटच्या हातात नवी कोरी प्लेट ठेवायचे. "हात लावून बघा. आता ही तुमचीच." थंडगार स्टील हातात पडलं की बऱ्याच जणांचा चेहरा उतरायचा. मी त्यांना किती वेळा सांगितलं की सर, हे करू नका, माणसं घाबरतात. त्यांचं म्हणणं, जी वस्तू मरेपर्यंत अंगात राहणार, तिची ओळख नको का व्हायला?

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ऑपरेशन कितीही सुरेख झालेलं असो, एक्स-रे बघून आम्ही कितीही खूश असो, ते हात धुता धुता म्हणायचे, "निकाल राखेत लागतो, परबबाई."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला स्मशानातला तो नळच आठवला होता. पण त्यांच्या दृष्टीनं तो साधा व्यवहार होता. आमच्याकडचे निम्मे पेशंट भाड्याच्या घरातले. ऑपरेशन झालं की कुणी गावी जातं, कुणी मुलीकडे विरारला, कुणी सुनेशी पटत नाही म्हणून भावाकडे. टाके काढून गेलेला माणूस पुन्हा एक्स-रे काढायला येतोय कशाला? मग आपण बसवलेलं टिकलं की नाही, हे सर्जनला कळणार कसं? नारकरांनी त्यावर आपल्यापुरता मार्ग काढला होता. रामसजनला सांगून ठेवलं होतं, राखेत लोखंड निघालं की मला फोन करायचा. "शेवटी सगळे एकाच दारातून जातात," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज जराही बदलायचा नाही.

हे सगळं सामान ते केबिनमधल्या टेबलावर बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. कुठल्याच तुकड्यावर नावाची चिठ्ठी नाही. डब्यात हात घालून कुठलीही पट्टी वर काढायची, आणि कुणाची, कधीची, हाड कसं मोडलं होतं, सगळं तोंडपाठ. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे नलिनीवहिनी म्हणायचो. वहिनी त्या डब्याला सवत म्हणायच्या. थर्मासमधून चहा घेऊन आल्या की डबा बाजूला सारत म्हणायच्या, सरक गं बाई, आता माझी पाळी.

गावात व्हायचं ते झालंच. नारकर आमच्या सोसायटीत कुणाला तपासायला आले की बाकावरच्या आज्या एकेक करून उठून जायच्या. ते रस्त्यानं चालले असतील तर काठीवाली माणसं ताठ चालायचा प्रयत्न करायची. एका गुजराती आजोबांना तर लिफ्टमध्येच गाठलं होतं डॉक्टरांनी. नुसतं विचारलं, कसं वाटतंय पायाला? आजोबांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "हजी वार छे, डॉक्टरसाहेब." अजून वेळ आहे. लिफ्टमधले सगळे हसले, डॉक्टरही हसले. आजोबा तेवढे हसले नव्हते.

मग रिद्धी आली. डॉ. रिद्धी शाह, इथेच मीरा रोडला वाढलेली, वयानं लहान पण हात तयार. नारकरांनीच तिला आपल्याबरोबर घेतलं. ती आली आणि हॉस्पिटलात दोन पंथ झाले, प्लेटवाले आणि रॉडवाले.

वाद काय तो नारकरच पेशंटला छान समजावून द्यायचे. बांबू फुटला तर त्याला बाहेरून फळी ठोकायची की आतून सळी घालायची, एवढाच प्रश्न. प्लेट म्हणजे बाहेरची फळी. मांडीच्या हाडाला बाहेरून स्क्रूनं घट्ट बसवायची, आणि तिच्यातून एक जाड स्क्रू वर खुब्याच्या गोळ्यात सोडायचा. हा जाड स्क्रू थोडा मागे सरकू शकतो, म्हणजे माणूस पायावर भार देतो तशी मोडलेली टोकं एकमेकांवर दाबली जातात. रॉड म्हणजे आतली सळी. हाडाच्या पोकळीत बसते, छोट्या छेदातून, पडद्यावर एक्स-रे बघत बघत. नारकरांना ते पडद्यावर बघून काम करणं आवडायचं नाही. हाड डोळ्यांसमोर असलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

रिद्धी हट्टी नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. हाडाची साधी तूट असेल तर दोन्ही सारखंच, असं ती कबूल करायची, आणि तिथे ती स्वतः प्लेटच बसवायची. तिचं म्हणणं फक्त एका जातीच्या तुटीपुरतं होतं. तुटीची रेघ नेहमीच्या उलट दिशेनं गेली असेल, हाडाची बाहेरची भिंत फुटली असेल, तर प्लेटला टेकायला काही उरत नाही. स्क्रू मागे सरकतच राहतो, मांडीचं हाड आत घसरतं, पाय आखूड होतो. तिथे रॉडच हवा.

यावर नारकरांचं उत्तर एकच. डबा उघडायचे. त्यांच्याकडे उलट्या तुटीच्या प्लेटी होत्या, चांगल्या सात-आठ तरी. एकही मोडलेली नव्हती. आणि दुसऱ्या सर्जननी बसवलेले रॉड होते मोजकेच, त्यातले दोन स्क्रूच्या भोकापाशी कटकन मोडलेले. ते मोडलेले तुकडे टेबलावर तिच्यासमोर ठेवून म्हणायचे, बघ.

एक दिवस रिद्धी चिडली. म्हणाली, "सर, तुमच्या डब्यात फक्त गेलेली माणसं आहेत. माझा रॉड घालून जी चालतायत, ती डब्यात कशी येणार?"

"गेलेला माणूस खोटं बोलत नाही," नारकर म्हणाले आणि डबा बंद केला. वाद संपला. रिद्धीनं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

त्याच सुमाराला आम्ही उत्तनला तपासणी शिबिराला गेलो होतो. तिथून पुढे तारोडीला मार्थाआजी राहायची. तिला रिद्धीनं रॉड बसवला होता, तोही असल्याच उलट्या तुटीला, आणि चालवली होती मी. म्हटलं सरांना दाखवूच. आजी अंगणात पाटावर बसून मासे साफ करत होती. आम्हाला बघून हात धुतले आणि कशालाही न धरता उभी राहिली. मला तर आनंदानं काय करू असं झालं. नारकरांनी तिला इकडून तिकडे दोनदा चालायला लावलं, पाय बघितले, मान डोलावली. मग म्हणाले, छान आहे, पण निकाल लागायचाय अजून.

आजीला त्यांची कीर्ती ठाऊक होती. मिश्कील हसली. "मना मातीन पुरतील, डाक्टर. माजा लोखंड तुला मिलनार न्हाय."

परतताना रिक्षात ते म्हणाले, उत्तनचे सगळे हिशेबाबाहेरच जातात. डोळ्यांदेखत पाटावरून उठून चाललेली बाई या माणसाच्या हिशेबात नव्हती. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची खरी भीती वाटली. कशाची ते तेव्हा सांगता आलं नसतं.

नलिनीवहिनी पडल्या त्या माळ्यावरची परात काढताना, स्टुलावरून. डॉक्टर हॉस्पिटलातच होते. शेजाऱ्यांनी वहिनींना आणलं तेव्हा त्यांचा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता. तसा पाय बघितला की आमच्या धंद्यातल्या माणसाला एक्स-रे लागत नाही. तरी काढला. नारकर, रिद्धी आणि मी संगणकासमोर उभे राहिलो. रेघ आतल्या बाजूला वर सुरू होऊन बाहेरच्या बाजूला खाली उतरली होती. उलटी. बाहेरची भिंत फुटलेली.

रिद्धी अगदी हळू बोलली. "सर, ही रॉडची केस आहे. मी करते. तुम्ही बाहेर बसा, प्लीज."

नारकर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "अशा तुटीला मी आजवर प्लेटच बसवली. एकही मोडून परत आलेली नाही."

घरच्या माणसावर आपण सुरी चालवू नये, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. मी तेही बोलून दाखवलं. पण त्यांना वाटत होतं की वहिनींना सगळ्यात भरवशाचं द्यायचं असेल तर ते त्यांच्याच हातांत आहे. यात गर्व नव्हता, हेच तर वाईट होतं. निव्वळ माया होती. वहिनींना विचारलं तर त्या वेदनेतसुद्धा हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं त्यांच्या हातात आहे, आता हाडापुरती दुसऱ्याच्या हातात कशाला जाऊ? आदल्या दिवशी नारकरांनी रिवाजाप्रमाणे नवी प्लेट आणून त्यांच्या हातात ठेवली. वहिनींनी ती आरशासारखी तोंडासमोर धरली. "म्हणजे मीही सवतीकडेच जाणार तर," असं म्हणाल्या. नारकरांनी प्लेट घाईनं परत घेतली आणि रुमालात गुंडाळली.

ऑपरेशन झालं. रिद्धी मदतीला उभी होती. काम इतकं नेटकं की एक्स-रे पुस्तकात छापावा. हात धुताना मी त्या वाक्याची वाट बघत होते. निकाल राखेत लागतो. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत.

पुढचं काम माझं. वहिनी जिद्दी होत्या, सांगितलेला व्यायाम चुकवायच्या नाहीत. पण वॉकर धरून उभ्या राहिल्या की त्यांच्या कपाळावर घाम फुटायचा. पहिले काही दिवस मी म्हटलं, होतं असं. मग एका सकाळी दोन्ही टाचा जुळवून बघितल्या. जुळल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात फरक वाढला होता. पाऊल हळूहळू बाहेर वळायला लागलं होतं, पडल्या त्या दिवशी होतं तसंच. वहिनी मला विचारायच्या, कसं आहे गं? मी म्हणायचे, होईल. त्या माझ्या तोंडाकडे बघून पुढे विचारायच्या नाहीत. मग पलंगावरून उतरायला नको म्हणायला लागल्या. आज नको, उद्या. जेवण तुटलं, पाठीवर कातडी लाल व्हायला लागली. खुबा मोडलेलं माणूस एकदा पलंगाला चिकटलं की पुढचा रस्ता कुठे जातो, ते मी इतक्यांदा बघितलंय की त्या घराची बेल वाजवण्याआधी मी जिन्यातच थांबायचे.

शेवटी मीच नारकरांच्या मागे लागून एक्स-रे काढायला लावला. जाड स्क्रू मागे सरकून सरकून टोकाला आला होता. मांडीचं हाड आत घसरलं होतं. नारकरांनी चित्र मोठं करून स्क्रू न् स्क्रू बघितला. मग म्हणाले, "प्लेट शाबूत आहे."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "प्लेट शाबूत आहे हो सर. बाई कुठे शाबूत आहे?"

त्यांनी पडदा बंद केला. उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये गेले तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर डबा पालथा केलेला. ते एकेक पट्टी उचलून दोन ठिकाणी ठेवत होते. मला बसा म्हणाले. साध्या तुटीच्या प्लेटी त्यांनी आधीच वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. तिकडे हात दाखवून म्हणाले, हे चालले, सगळे चालले. मग उलट्या तुटीची एक उचलली.

"कदम. ऑपरेशननंतर उठले नाहीत. पलंगावरच गेले." दुसरी उचलली. "या काशीमिऱ्याच्या बाई. खुर्चीपर्यंत. त्यापुढे नाही." तिसरी. "हे मुर्ध्याचे. उठलेच नाहीत."

मला ते विचारत नव्हते. स्वतःलाच ऐकवत होते. प्रत्येकाचं सगळं त्यांना आठवत होतं, पहिल्यापासूनच आठवत होतं. कदमकाकांना छातीचं दुखणं झालं ते पडून राहूनच, हेही त्यांना ठाऊक होतं. फक्त न मोडलेली प्लेट आणि न उठलेला माणूस या दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. मग मोडलेले रॉड उचलले. एकाचं हाड जुळायला उशीर लागत होता आणि तो गृहस्थ ऐकेना, रोज खाडीवर फिरायला जायचा. दुसरी बाई घरची धुणीभांडी करायची. रॉड मोडल्यावर दोघांचीही पुन्हा ऑपरेशनं झाली होती आणि मोडका तुकडा आत राहिला होता, तो पुढे राखेत मिळाला.

"चालले म्हणून मोडले," नारकर म्हणाले. त्यांनी कदमकाकांची प्लेट पुन्हा हातात घेतली. "आणि ही मोडली नाही, कारण हिच्यावर कधी कुणी उभंच राहिलं नाही. परबबाई, नलिनीची पण धडच निघेल."

इतक्या वर्षांत मी या माणसाला चिडलेलं बघितलं नव्हतं की रडताना. त्या दिवशी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ते रडले. मला त्यांची दयाही आली आणि रागही येत राहिला, दोन्ही एकदम. मग त्यांनी फोन उचलला आणि रिद्धीला म्हणाले, तू करशील का?

रिद्धीनं काही ऐकवलं नाही, ही त्या मुलीची मोठी गोष्ट. मात्र खोटा धीरही दिला नाही. दुसरं ऑपरेशन, त्यात अंगात रक्त कमी, वहिनी महिनाभर पडून. टेबलावरच काही होऊ शकतं, असं तिनं स्पष्ट सांगितलं. नारकरांनी संमतीच्या कागदावर नातेवाइकाच्या जागी सही केली आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसले. त्या बाकावर मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. आत जायची सवय असलेल्या माणसाला बाहेर हात कुठे ठेवायचे तेच कळत नव्हतं. मी शेजारी बसले. दार उघडलं की ते उठायचे, सिस्टर कशाला तरी बाहेर आलेली असायची, पुन्हा बसायचे. मध्येच माझ्याकडे न बघता म्हणाले, "काही झालं तर मला सावडायला नेऊ नका. रामसजनला सांगा, निघेल ते तिथेच टाकून दे." मी म्हटलं, गप्प बसा सर.

रिद्धी बाहेर आली तेव्हा तिचा मास्क गळ्यात होता. म्हणाली, झालंय, वहिनी ठीक आहेत. नारकर तिच्यासमोर उभे राहिले आणि पहिल्यांदा त्यांनी तिच्या पायांकडे नाही, तोंडाकडे बघितलं.

वहिनींनी शुद्धीवर आल्यावर दोनच दिवसांनी काढलेली प्लेट मागितली. रिद्धी नको म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. प्लेट स्वच्छ होती, चकचकीत, आगीचा एक डाग नाही. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, अगदी नारकर बघायचे तशी. मग नवऱ्याकडे दिली. "बघा, कुठे मोडलीय का," एवढंच म्हणाल्या. रागानं बोलल्या नाहीत. म्हणूनच मला ते ऐकवेना. मी फळांचं ताट उचलून बाहेर गेले.

वहिनी चालायला लागल्या. वेळ लागला, पण हाड जुळलं आणि त्या चालायला लागल्या. मधल्या काळात घसरलेलं हाड मात्र पूर्ण जागेवर आलं नाही, पाय थोडा आखूडच राहिला. त्यासाठी उजव्या चपलेला जाड तळ लावून घेतला. नारकरांनी ऑपरेशनं करणं सोडलं. डबा केबिनमधून गेला, कुठे ते मी विचारलं नाही. मुलगा पुण्याला होता, तो बोलवत होता, आणि दोघं तिकडे जायचं ठरवत होती.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते जायच्या आधीच्या एका संध्याकाळी. मी खाडीकडच्या रस्त्यानं घरी येत होते आणि पुढे ती दोघं फिरायला निघालेली. वहिनी पुढे, काठी घेऊन. डॉक्टर दोन पावलं मागे, मान खाली. वहिनींच्या चपलेचा आवाज येत होता, एक हलका, एक जड. मी हाक मारणार होते, पण त्यांचं ते ऐकत चालणं बघून मारली नाही. दिवसरात्र तो आवाज त्यांच्या घरात असणार, असं माझ्या मनात आलं.

स्मशानाच्या फाटकापाशी रामसजन बसला होता. डॉक्टरांना बघून त्याला केवढा आनंद झाला. उठून सलाम केला आणि नळाच्या कठड्याकडे हात दाखवला. कठड्यावर काळ्यानिळ्या पट्ट्यांचा, सळ्यांचा छोटा ढीग होता. हा भला माणूस एवढे दिवस बाजूला काढून ठेवत होता.

"डॉक्टरसाब, आप आते नहीं. आपका सामान बहुत जमा हो गया है."

डॉक्टर जागच्या जागी थांबले. वहिनीही थांबल्या. त्यांनी कठड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. डॉक्टरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. वहिनींनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं त्यांचं कोपर धरलं आणि रामसजनला हसून म्हणाल्या, "अभी टाइम है, भैया."

रामसजनला काही कळलं नाही, तोही हसला. डॉक्टरांनी वहिनींचा हात आपल्या हातात घट्ट धरला. भर रस्त्यात, माणसांदेखत, त्यांनी तसं कधी केलं नसेल. मग ते वहिनींना घेऊन रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत वळले, जिथून फाटक दिसत नाही. चपलेचा आवाज मात्र मला इकडे बराच वेळ ऐकू येत होता.